गुन-दुन, गो-दो, पा-ता : बाबातुंदे ओलातुंजी

ठेकेदार

डिसेंबर २०२४ मध्ये तबल्याचे झाकीरभाई गेले. त्यानंतर काही आठवडे आमच्या घरात दुसरं काही वाजलंच नाही. सोलो झाले, जुगलबंद्या झाल्या, 'शक्ती' झालं आणि मग कपाटाच्या तळाशी 'प्लॅनेट ड्रम'ची जुनी सीडी सापडली. १९९१ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या ड्रमरने, मिकी हार्टने जमवलेला हा तालवाद्यांचा मेळा. आपले दोघे त्यात आहेत, झाकीर आणि घटमवाले विक्कू विनायकराम. कॉलेजात असताना मी ती या दोघांपुरतीच ऐकली होती. बाकीची मंडळी म्हणजे लग्नात दुसऱ्या बाजूची माणसं, नमस्कार केला की संपलं. या खेपेला कव्हरवरची नावं नीट वाचली आणि एका नायजेरियन ढोलवाल्याच्या नावापाशी अडकलो. बाबातुंदे ओलातुंजी.

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भाषेत 'बाबा' म्हणजे बाबाच, वडील. 'तुंदे' म्हणजे परत आले. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर मुलगा जन्मला की हे नाव ठेवतात. आपल्याकडे "आजोबाच आलेत पोटी" म्हणतात, अगदी तसं. या बाबातुंदेचे वडील त्याच्या जन्माच्या दोन महिने आधी वारले होते.

जन्म ७ एप्रिल १९२७. गाव आजिदो, नायजेरियाच्या किनाऱ्यावर, लागोसच्या पश्चिमेला बडाग्रीजवळ. बडाग्री म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं जुनं बंदर, इथून माणसं भरून जहाजं अटलांटिकपार जायची. आजिदो मात्र साधं, खाडीकाठचं मच्छीमारांचं गाव. वडील मासेमारी करायचे आणि गावची प्रमुखकी त्यांच्याकडे येऊ घातली होती. आई कुंभारकाम करायची. वडील गेल्यावर ती जागा कधीतरी पोराने घ्यायची, या हिशेबाने चुलतआजीच्या घरी त्याला वाढवलं. बाराव्या वर्षाच्या सुमारास पोराच्या लक्षात आलं की आपल्याला हे नकोय.

ढोल त्याच्या घरात नव्हता, गावात होता. बारसं, लग्न, मयत, सण, देवाची मिरवणूक, जिथे वाजेल तिथे हा मागे. कोणी गंडा बांधला नाही, कोणी मांडी घालून बसवून शिकवलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीवरून भांडण आहे.

लागोसला बॅप्टिस्ट अकॅडमीत शिक्षण. मग 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये रोटरीच्या शिष्यवृत्तीबद्दल वाचलं, अर्ज केला, आणि १९५० साली हा मुलगा अमेरिकेत अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात. कृष्णवर्णीयांचं नावाजलेलं कॉलेज, मार्टिन ल्यूथर किंग तिथूनच दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडले होते. ओलातुंजींना व्हायचं होतं राजनैतिक अधिकारी. वादक नव्हे! पण कॉलेजातल्या मुलांची आफ्रिका टारझनच्या सिनेमातली होती. रस्त्यात सिंह हिंडतात, माणसं झाडावर राहतात, असल्या कल्पना, आणि त्याही कुणाच्या, तर ज्यांचे खापरपणजे त्याच किनाऱ्यावरून नेलेले त्यांच्या. भाषणं देऊन किती देणार? मग गाणी, नाच, ढोल. त्यांच्या वादनाचा जन्म हा असा, कॉलेजच्या कार्यक्रमांत.

१९५४ साली मोरहाऊस संपलं. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात लोकप्रशासनाचा अभ्यास. खर्च भागत नव्हता म्हणून छोटा संच जमवला, ढोलवाले आणि नाचणारे. १९५८ मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची संधी मिळाली, आणि तिथून कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडच्या कानावर गेले. हा हॅमंड म्हणजे बिली हॉलिडेला पुढे आणणारा, नंतर बॉब डिलनलाही त्यानेच घेतलं. कानाचा पक्का माणूस.

१९६० साली कोलंबियाने 'ड्रम्स ऑफ पॅशन' काढली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नायजेरिया स्वतंत्र झाला. त्याआधी अमेरिकेत आफ्रिकन वादनाच्या ज्या तबकड्या मिळायच्या त्या बहुतेक संशोधकांनी जंगलात यंत्र नेऊन भरलेल्या, ग्रंथालयात ऐकायच्या. ही चांगल्या स्टुडिओत, स्टीरिओत भरलेली, आणि दुकानात नाचाच्या संगीताशेजारी ठेवलेली. लाखोंनी खपली. लोकप्रशासनाची पदवी बाजूला पडली ती पडलीच.

पुढचं हळूहळू लिहितो. सध्या प्रश्न एवढाच टाकतो, जाहिरातीत त्यांना जन्मभर 'मास्टर ड्रमर' म्हटलं गेलं. आपल्या भाषेत त्यांना उस्ताद म्हणाल का?


वसईवाला

मस्त सुरुवात, ठेकेदार. एक भर. कॉलेजच्या कॉयरमध्ये नाताळला आम्ही 'बेतेलेहेमु' नावाचं एक गाणं म्हणायचो. शब्द योरुबा, अर्थ बेथलेहेमचाच, आणि शेवटाकडे वेग वाढला की सगळे बाक वाजवायला लागायचे. सर रागवायचे, कारण बाक संस्थेचे होते. ते गाणं ओलातुंजींनी मोरहाऊसच्या ग्ली क्लबला, म्हणजे गायनवृंदाला दिलं आणि तिथल्या वेंडेल व्हेलम यांच्याबरोबर बसवलं, हे मला फार उशिरा कळलं. जगभरची चर्च कॉयर्स ते म्हणतात. ढोलकऱ्याचं सगळ्यात जास्त गायलं गेलेलं काम बहुधा हेच असेल, आणि म्हणणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसतं.


संबळवाली

प्रश्नाला सरळ उत्तर, नाही म्हणणार. चिडू नका. माझे आजोबा गोंधळी. संबळ आमच्याकडे शिकवत नाहीत, ती अंगावर येते. लहान मूल पाळण्यात असताना उशाशी जे वाजतं ते त्याचं. जो माणूस राजदूत व्हायला निघाला आणि फीपायी ढोल वाजवू लागला, त्याला कलावंत म्हणा, मोठा म्हणा, पण उस्ताद म्हणायला मागे काहीतरी लागतं. योरुबांमध्ये पिढीजात वाजवणारे नाहीत का?


लागोसवासी

आहेत, ताई, आणि कसे! मी लागोसच्या इकेजा भागात अकरा वर्षं काढली, कारखान्यात देखभाल विभागात. जमेल तेवढं सांगतो.

योरुबांमध्ये ढोलवाल्यांची घराणी असतात, आणि त्यांच्या दैवताचं नाव आयान. त्या घरातल्या मुलांच्या नावांतच 'आयान' असतं, आयानलेके, आयानकुनले वगैरे. नावावरून कळतं की हा वाजवणाऱ्यांच्यातला. 'प्लॅनेट ड्रम'मध्येच असा एक आहे बरं का, सिकिरू आडेपोजू, बोलणाऱ्या ढोलाचा बादशहा. ओयोकडच्या एरुवा गावचा, वडील आयानलेके आडेपोजू. म्हणजे एकाच सीडीवर तुमच्या व्याख्येतला खानदानी आणि तुमच्या व्याख्येबाहेरचा ओलातुंजी शेजारी शेजारी बसलेत.

आता बोलणारा ढोल म्हणजे काय. योरुबा भाषेत सूर तीन, वरचा, मधला, खालचा. अक्षरं तीच, सूर बदलला की शब्द बदलतो. एकच अक्षरजोडी सुराप्रमाणे नवरा, कुदळ किंवा भाला होऊ शकते. दुंदुन नावाचा ढोल डमरूसारखा, कमरेत बारीक, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या कातड्याच्या वाद्या उभ्या ताणलेल्या. तो काखेत धरतात आणि वाकड्या काठीने वाजवतात. वाद्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. त्यामुळे ढोलवाला वाक्याचे सूर जसेच्या तसे काढतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कळतात. संचातला मुख्य ढोल 'इया इलू', म्हणजे आईढोल, त्याच्या कडेला पितळी घुंगरं. बाकीचे ठेका धरतात, आई बोलते.

लग्नात काय होतं बघा. तुम्ही आत शिरता. ढोलवाला कुणाला तरी तुमचं नाव विचारतो. मग तुमच्यापुढे येऊन तुमच्या नावाची, बापजाद्यांची स्तुती वाजवायला लागतो. तुम्ही खिशातून नोटा काढून त्याच्या कपाळाला चिकटवेपर्यंत तो हलत नाही. मी पहिल्यांदा दोनशे नायरा देऊन सुटायला बघितलं, तर त्याने काहीतरी वाजवलं आणि सगळा मांडव हसला. काय बोलला ते आमच्या ड्रायव्हरने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही विद्या ओलातुंजींची नव्हे. ते हाताने वाजवायचे, मुख्यतः आशिको आणि जेंबेच्या जातीचे ढोल. जेंबे तर योरुबांचा नाहीच, तो तिकडे माली-गिनीकडचा, मांडे लोकांचा.


संबळवाली

धन्यवाद काका. कपाळाला नोटा, हे वाचून मला आमचं आठवलं. आणि दुसरंही एक आठवलं. वाजवणारे घराण्याचे असतात, पण त्यांचा मान किती असतो हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे हलगी कोणी वाजवायची हे जन्माने ठरलं होतं, आणि वाजवणारा देवळाच्या बाहेर उभा राहायचा. मी वर "मागे काहीतरी लागतं" म्हटलं, ते थोडं घाईत म्हटलं. मागे जे असतं ते दर वेळी मिरवायचं नसतं.


ठेकेदार

ताई, मीही याच विचारात होतो. योरुबा ढोलवाल्याचीही तीच गत, त्याच्याशिवाय राजाचं पान हलत नाही, पण तो स्तुतीवर पोट भरणारा म्हणून खालचा. प्रमुखाच्या घरातला मुलगा ढोल वाजवणार म्हटल्यावर आजिदोत कुणी पेढे वाटले असतील असं वाटत नाही. अटलांटाला कुणाला हे नियम माहीत नव्हते. तिथे तो फक्त 'आफ्रिकेचा ढोल' होता. दूर गेल्यामुळेच त्याला वाजवता आलं.


अधेली

तबला शिकलो आहे, शिकवतोही, म्हणून एका मुद्द्यावर लिहितो. धाग्याच्या नावातले बोल.

ओलातुंजींची शिकवायची पद्धत अशी, ढोलावर तीन प्रकारचे आघात. मधोमध पंजा म्हणजे खर्ज, कडेला बोटं म्हणजे मोकळा नाद, आणि थाप म्हणजे चाटेचा कडक आवाज. प्रत्येकाला दोन अक्षरं, एक उजव्या हाताचं, एक डाव्याचं. खर्जाला गुन आणि दुन, मोकळ्याला गो आणि दो, थापेला पा आणि ता. झाली बाराखडी. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने. म्हणजे पढंतच.

गंमत अशी की आपल्या बोलांत हात कुठला ते अक्षर नेहमी सांगत नाही. 'धा'मध्ये दोन्ही हात आहेत, 'ति' आणि 'ट' तर बंदिशीप्रमाणे जागा बदलतात, घराण्याप्रमाणे निकास, म्हणजे बोल काढायची पद्धत बदलते. ओलातुंजींच्या अक्षरात हात पक्का. पाच मिनिटांत नवखा माणूस वाजवू लागतो. पण तेच त्याचं कुंपण. या सहा अक्षरांत कायदा, रेला, गत असं काही रचता येणार नाही. आमच्याकडची बाराखडी वाङ्मयासाठी आहे, ही साक्षरता वर्गासाठी.

आणि ती योरुबांची पारंपरिकही नाही. लागोसवासींनी सांगितलं तसं तिथे ढोल खरी भाषा बोलतो, अक्षरं कशाला लागतील?


ठेकेदार

"साक्षरता वर्ग" हा शब्द तुम्ही खाली ठेवून वापरलात, मी उचलून डोक्यावर घेतो. माझ्या मते हाच माणूस इथे आहे. त्यांना वाङ्मय घडवायचंच नव्हतं. कारकून, शिक्षिका, परिचारिका, ज्यांनी जन्मात ढोलाला हात लावला नाही अशा शंभर माणसांना एका खोलीत गोलात बसवून तासाभरात एकत्र वाजवायला लावायचं होतं. आधी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, नंतर कॅलिफोर्नियात एसालेनसारख्या निवासी शिबिरांच्या ठिकाणी त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं यात घातली. अमेरिकेत आज बागेबागेत लोक गोलात बसून ढोल बडवतात त्यामागे जी काही थोडी माणसं आहेत त्यांतले हे पहिल्या रांगेतले.

खानदानी वादकाला हे सुचलं नसतं. त्याला अक्षरांची गरजच पडली नसती.


अधेली

मान्य, अर्धं. "सुचलं नसतं" हे फारच झालं. झाकीरच्या वडिलांनी, अल्लारखांसाहेबांनी, परदेशी विद्यार्थ्यांना कमी का सोपं करून दिलं?


ओकलंडकर

अल्लारखांचं नाव आलंच आहे तर साखळी पूर्ण करते. मिकी हार्ट १९६७ साली अल्लारखांना भेटला आणि त्यांच्या तालगणिताने वेडा झाला. पुढे तिथूनच झाकीर आणि हार्ट यांची दोस्ती, १९७६चा 'डिगा' हा अल्बम. पण हार्टला ढोलाचं वेड त्याआधी शाळेत लागलं होतं, ओलातुंजींचा संच शाळाशाळांतून फिरायचा तेव्हा. न्यूयॉर्ककडच्या शाळेत आजिदोचा माणूस आणि नंतर माहीमचे वडील-मुलगा, या दोन टोकांना धरून त्याने १९९१ साली 'प्लॅनेट ड्रम' केलं.

मधल्या काळात ओलातुंजींचं नाव अमेरिकेत मागे पडलं होतं. हार्टने त्यांना शोधून ३१ डिसेंबर १९८५ला आमच्या ओकलंडच्या कोलिझियममध्ये ग्रेटफुल डेडच्या आधी वाजवायला बोलावलं. डेडचे श्रोते म्हणजे आपल्या वारीसारखे, बँडमागे गावोगाव फिरणारे. त्या रात्रीनंतर त्यांना नवी पिढी मिळाली. मग हार्टने त्यांचे दोन अल्बम काढले, आणि 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमी मिळालं. जागतिक संगीताच्या अल्बमसाठी त्या वर्षी पहिल्यांदाच दिलेलं ग्रॅमी. म्हणजे झाकीरचं पहिलं ग्रॅमी आणि ओलातुंजींचं एकमेव, एकाच तबकडीवर.

मी इथे आले तेव्हा ते हयात नव्हते. पण रविवारी तळ्याकाठी जे वाजवायला बसतात त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बायका अजून "गुन गो दो" म्हणूनच नवख्याला बसवतात. कुणाकडून आलं हे बहुतेकींना ठाऊक असतं.


कावळा

एवढी आरती चालली आहे म्हणून कावकाव करतो.

'ड्रम्स ऑफ पॅशन'चं मागचं पान पाहिलंय का कोणी? ओया ही योरुबांची वाऱ्यावादळाची देवी. तिच्या गाण्याला इंग्रजी उपनाव काय, तर 'आदिम आग'. उद्या कुणी अंबाबाईच्या गोंधळाला 'रानटी ज्वाळा' नाव देऊन विकलं तर ताई काय म्हणतील? 'पॅशन' हा शब्दही त्याच दुकानातला. टारझनशी लढायला निघालेला माणूस टारझनच्याच शेल्फावर विकला गेला.

आणि संच कुणाचा? त्या तबकडीवरचे मुख्य साथीदार, चीफ बे, तायवो डुव्हॉल, माँटेगो जो, यांतला एकही नायजेरियाचा नाही. सगळे न्यूयॉर्कमध्ये जमवलेले. हिला नायजेरियाचं लोकसंगीत म्हणून विकत घेणाऱ्यांना हे कुणी सांगितलं?

तिसरं. 'ड्रम्स ऑफ पॅशन'च्याही आधी घानातल्या अक्राचा ढोलवाला गाय वॉरन अमेरिकेत आला होता. १९५६ साली त्याची तबकडी निघाली होती, आफ्रिकन ढोल आणि जॅझ यांची खरी झटापट. त्याच्या एका चालीवर नंतर १९६२ साली जर्मन ऑर्केस्ट्रावाल्या बर्ट केम्पफर्टने जगभर पैसे केले. अमेरिकेला वॉरन पचला नाही, कारण तो 'आफ्रिकन दिसत' नव्हता, सूट घालून ड्रमसेट वाजवायचा. शेवटी घानाला परत गेला, कोफी घानाबा झाला आणि २००८ साली तिथेच वारला. अमेरिकेला झगा घातलेला हसरा माणूस हवा होता. तो मिळाला.


ठेकेदार

कावळेबुवा, उपनावांबद्दल पूर्ण सहमत, मलाही ती वाचताना कानकोंडं होतं. साथीदारांबद्दल मात्र उलट वाटतं. हार्लेम-ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय मुलांनी योरुबा गाणी पाठ करून, ढोल हातात घेऊन वाजवली, तीही १९५९-६० साली! नायजेरियातून दहा वादक आणून बसवले असते तर ते प्रदर्शन झालं असतं. इथे अमेरिकन पोरं आपल्या पणजोबांची भाषा चाचपडत म्हणत होती. मला तबकडीतली तीच जागा जास्त खरी वाटते.

झग्याचं म्हणाल तर त्याच १९६०मध्ये जॅझ ड्रमर मॅक्स रोचने गुलामीपासून स्वातंत्र्यापर्यंतची जी संगीतमालिका केली तिच्यात ओलातुंजी आहेत. त्यातल्या एका भागात गायिका ॲबी लिंकन आफ्रिकेतल्या जमातींची नावं घेत जाते आणि ते प्रत्येक नावामागून योरुबात उत्तर देतात. नागरी हक्क चळवळीच्या सभांतही ते वाजवायचे. हसरा होता हे खरं, भाबडा नव्हता.


गणितमास्तर

तुम्ही भांडा. मी तालाचं सांगतो.

पश्चिम आफ्रिकेत ढोलांच्या मागे लोखंडी घंटा वाजते आणि ती सगळ्यांना बांधून ठेवते. योरुबा, एवे आणि आजूबाजूच्या अनेकांकडे, शिवाय गुलामांबरोबर क्यूबापर्यंत पोचलेला तिचा एक ठेका आहे. बारा मात्रा, सात ठोके. ठोक्यांमधली अंतरं २-२-१-२-२-२-१.

आता पेटी काढा. पांढरी एकपासून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. सा-रे दोन घरं, रे-ग दोन, ग-म एक, म-प दोन, प-ध दोन, ध-नि दोन, नि-सा एक. २-२-१-२-२-२-१. बिलावल थाट! सप्तकाची बारा घरं, त्यांत सात स्वर, आणि घंटेच्या बारा मात्रा, त्यांत सात ठोके. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवलं. तिचं मत इथे लिहिण्याजोगं नाही.


अधेली

क्या बात है, मास्तर. पण सम कुठली? बारा म्हटलं की आमचा हात एकतालात जातो, धिं धिं धागे तिरकिट, आणि लगेच फसतो.


गणितमास्तर

टाळी-खालीने दाखवलेली सम शोधू नका. चार सारखे ठोके, तीन-तीन मात्रांचे, नाचणाऱ्याच्या पायात असतात. घंटा ते वाजवत नाही, ती त्यांच्याभोवती फिरते. पायाने चार धरा, हाताने सात वाजवा. पहिला ठोका पायाबरोबर, मग दोघं वेगळे होतात. घंटेचा सहावा ठोका पुन्हा पायावर येतो, तोवर धीर सोडायचा नाही.


अधेली

सातव्या प्रयत्नात जमलं. खालच्या मजल्यावरून फोन आला होता.


आडवाटेचा

पैशाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

१९६४ साली फ्रान्सच्या गायक सर्ज गेन्सबूरने तालवाद्यांवर एक अल्बम काढला. त्यातली तीन गाणी 'ड्रम्स ऑफ पॅशन'मधून जवळपास जशीच्या तशी उचललेली. 'आकिवोवो' हे मूळचं आगगाडीवाल्याचं गाणं, त्याचं झालं न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचं. कव्हरवर ओलातुंजींचं नाव नाही. ते लागायला वीसेक वर्षं आणि कोर्टकचेरी लागली. १९६९ साली गिटारवाला कार्लोस सँताना 'जिंगो' घेऊन आला, त्याच्या पहिल्याच अल्बमवर, पहिलं सिंगल म्हणून. मूळ ओलातुंजींचं 'जिन-गो-लो-बा'. पुढे डिस्कोवाल्यांनी घेतलं, २००४ साली फॅटबॉय स्लिमने घेतलं. अर्ध्या जगाने या माणसाच्या चालीवर कंबर हलवली आहे.

आणि तो? मोठा संच पाळायचा म्हणजे वीस तोंडं. आलेलं तिकडे गेलं. १९६४-६५च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आफ्रिकन दालनात वाजवून जे मिळालं, मित्रांनी जे दिलं, त्यातून हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर आफ्रिकन संस्कृतीचं केंद्र काढलं. भाषा, नाच, ढोल, तेही गल्लीतल्या पोरांना परवडेल अशा फीत. पैसे देणाऱ्या मित्रांत जॉन कोल्ट्रेन होता.


ठेकेदार

आडवाटेचा, तुम्ही नेमकं मला लिहायचं होतं तिथे आणून सोडलंत.

कोल्ट्रेन म्हणजे जॅझमधला सॅक्सोफोनवाला, आपल्याकडे अमीर खांसाहेबांबद्दल जसं आवाज खाली आणून बोलतात तसं तिकडे ज्याच्याबद्दल बोलतात तो. त्याला ओलातुंजींचं फार. १९६२ साली 'तुंजी' नावाची रचना केली. त्याला आफ्रिकेचं संगीत मुळापासून शिकायचं होतं. दोघं आणि दुसरा जॅझवाला युसेफ लतीफ मिळून मधल्या दलालांना टाळून स्वतःचे कार्यक्रम स्वतः लावायचं ठरवत होते.

२३ एप्रिल १९६७, रविवार. हार्लेमच्या त्या केंद्रात कोल्ट्रेनने वाजवलं. दोनच रचना, 'ओगुंडे' आणि 'माय फेव्हरिट थिंग्ज'. खोली लहान, आवाज प्रचंड, ध्वनिमुद्रण कच्चं, सगळं फाटल्यासारखं येतं. तबकडी निघायला २००१ साल उजाडलं. मी ती दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा हिंमत होत नाही. कोल्ट्रेनला यकृताचा कर्करोग होता. १७ जुलैला तो गेला, चाळीस वर्षांचा. त्याचं ध्वनिमुद्रित झालेलं शेवटचं मैफिली वादन हेच.

केंद्र त्यानंतर बरीच वर्षं ओढलं, पण पैशाची ओढाताण कधी सुटली नाही आणि ते बंद पडलं. त्यानंतरचं ओकलंडकरांनी लिहिलंच आहे. शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात, मधुमेहाने शरीर पोखरलेलं, तरी शिकवणं चालू. सलीनास गावी ६ एप्रिल २००३ला गेले. दुसऱ्या दिवशी शहात्तर पूर्ण झाले असते. आत्मचरित्र त्यांच्या पश्चात २००५ साली आलं, गायिका जोन बाएझची प्रस्तावना आहे. आणि 'ड्रम्स ऑफ पॅशन' अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, तीही ते गेल्यावर.


कावळा

यादीत घेतलं ते बरं झालं. उपनावांसकट घेतलं असेल.


वसईवाला

कुठून ऐकायला सुरुवात करू? कोल्ट्रेनवाल्याची भीती घातलीत.


ठेकेदार

वसईवाले, 'आकिवोवो'पासून. बायका-पुरुषांचा कोरस आहे, कॉयरवाल्याला लगेच ओळखीचं वाटेल. मग 'ओदुन दे', ते नव्या वर्षाचं. 'जिन-गो-लो-बा' ऐकून लगेच सँतानाचं ऐका, काय घेतलं आणि काय सांडलं ते कळेल. 'शांगो' रात्री, दिवे मालवून, विजेच्या देवाचं आहे. 'प्लॅनेट ड्रम' सगळ्यात शेवटी. तिथे ते फार वाजवत नाहीत, मागे उभे राहून सगळ्यांना सांभाळतात. झाकीर आणि सिकिरू एकमेकांना प्रश्न टाकतात तेव्हा खाली जो खर्ज चालू असतो तिकडे कान द्या.


संबळवाली

काल रात्री ऐकलं. आजी शेजारी बसली होती, तिला काही सांगितलं नव्हतं. 'शांगो' लागल्यावर म्हणाली, "कुणाच्या घरचा गोंधळ गं हा?"

मी म्हटलं, लांबचे आहेत.

"बोलावणं बरोबर आहे," म्हणाली, "जरा घाई करतोय."